चढावर लहान इंजिन का हरते

गो-कार्ट चढाला धापा टाकू लागली, गवतात अडकली किंवा जागची हलेनाशी झाली की इंजिनच कमी पडते असे ठरवून टाकायचे आणि मोठे इंजिन शोधायला लागायचे, ही सवय सर्वत्र दिसते. या प्रकरणात मला याच्या उलट म्हणणे मांडायचे आहे. अशा बहुतेक गाड्यांच्या इंजिनात पुरेशी ताकद असते, पण ती चाकाला हवी तेव्हा, हव्या त्या रूपात मिळत नाही. इंजिन आणि चाक यांच्यामध्ये एकच ठरलेले प्रमाण बसवलेले असते आणि त्या एका प्रमाणाकडून आपण दोन परस्परविरोधी कामांची अपेक्षा करतो. एक काम जागेवरून उचलण्याचे, दुसरे वेगाने पळण्याचे. टॉर्क कन्व्हर्टर नावाने मिळणारा दोन पुल्यांचा संच लहान इंजिनाला जोडला की ही ओढाताण मिटते. कशी मिटते आणि कुठे मिटत नाही, हे आकड्यांतच पाहायला हवे. नुसत्या ‘पिकअप वाढतो’ या वर्णनावरून कुणी खर्च करू नये.

गो-कार्टचा जन्मच उसन्या इंजिनावर झाला. १९५६ साली कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स यांनी पहिली कार्ट बांधली, ती गवत कापण्याच्या यंत्रासाठी बनलेले वेस्ट बेंडचे टू-स्ट्रोक इंजिन वापरून. आजही हौशी कार्टवर बहुधा पंप, जनरेटर किंवा टिलरसाठी घडवलेलेच इंजिन असते. त्यांतले सर्वांत परिचित उदाहरण घेऊ: होंडाचे जीएक्स १६०. एक सिलिंडर, १६३ सीसी, मिनिटाला ३६०० फेऱ्यांवर ३.६ किलोवॅट, म्हणजे ४.८ अश्वशक्ती. टॉर्क, म्हणजे शाफ्ट पिळण्याचा जोर, जास्तीत जास्त १०.३ न्यूटन-मीटर आणि तो २५०० फेऱ्यांच्या आसपास. आयडल १४०० फेरे. हे इंजिन पाण्याच्या पंपाला जोडले की एकदा वेग पकडते आणि तासन्‌तास त्याच वेगाने चालते. त्याला शून्यापासून काही उचलायचे नसते. विजेची मोटर थांबलेल्या अवस्थेतही जोर देते, पेट्रोल इंजिन तसा देऊच शकत नाही. १४०० च्या बरेच खाली गेले की ते बंद पडते. थोडक्यात, कामाचा खरा पट्टा साधारण २००० ते ३६०० फेऱ्यांचा, आणि गाडीचा वेग मात्र शून्यापासून सुरू होणारा. मधली दरी कुणीतरी भरून काढावी लागते.

साध्या कार्टमध्ये हे काम सेंट्रिफ्यूगल क्लच करतो. इंजिनाच्या शाफ्टवर एक छोटा ड्रम असतो आणि त्याच्या आत स्प्रिंगने बांधलेले शू असतात. फेरे वाढले की शू बाहेर फेकले जातात, ड्रमला घासतात आणि अखेर त्याला घट्ट धरतात. ड्रमलाच दातेरी चक्र असते, तिथून चेन थेट मागच्या ॲक्सलवर जाते. रचना साधी आणि स्वस्त आहे, सपाट रस्त्यावर उत्तमही आहे. पण थोडा हिशेब करू. इंजिनाकडे १० दात आणि ॲक्सलवर ६० दात, म्हणजे प्रमाण ६:१. चाकाचा व्यास १३ इंच, म्हणजे ३३ सेंटिमीटर. चालकासह गाडीचे वजन १५० किलो. क्लच २२०० फेऱ्यांना पूर्ण पकडतो असे धरू. २२०० ला ६ ने भागले की चाकाचे मिनिटाला सुमारे ३६७ फेरे होतात. एका फेऱ्यात गाडी १ मीटरहून किंचित जास्त सरकते, म्हणजे ताशी जवळपास २३ किलोमीटर. या आकड्यावर थोडे थांबायला हवे, कारण गाडीचा वेग ताशी २३ होईपर्यंत हा क्लच पूर्ण पकडलेला नसतो. तोवर तो घसरत असतो. आवारात, शेताच्या बांधावर किंवा मुलांनी चालवलेल्या गाडीत ताशी २३ हा सुरुवातीचा वेग नसतो, तोच बऱ्याचदा शेवटचा असतो. अशी गाडी दिवसभर अर्धवट पकडलेल्या क्लचवर फिरते. क्लच काढून पाहिला की ड्रमच्या कडेला निळी-जांभळी झाक दिसते आणि शूचे अस्तर तुकतुकीत झालेले असते. ती झाक म्हणजे पोलाद किती तापले होते याची नोंद असते.

घसरण्यात वाया जाणारी उष्णताही मोजता येते. इंजिन एकाच वेगावर धरून क्लचने गाडी जागेवरून उचलली, तर क्लच पूर्ण पकडेपर्यंत गाडीला जेवढी गतिज ऊर्जा मिळते, निदान तेवढीच ऊर्जा ड्रममध्ये उष्णता होऊन जाते. १५० किलोची गाडी ताशी २३ किलोमीटरवर आणायची म्हणजे दर वेळी सुमारे ३००० जूल ड्रममध्ये जिरतात. सपाटीवर हे खपून जाते, कारण मध्ये गार व्हायला वेळ मिळतो. चढावर गाडी २३ पर्यंत पोचतच नाही, मग घसरणे थांबत नाही. गाडी जागेवरच अडली आणि चालकाने ॲक्सिलरेटर दाबून धरला, तर इंजिनाची त्या क्षणीची सगळी शक्ती, सव्वादोन किलोवॅटच्या आसपास, तळहाताएवढ्या ड्रममध्ये उतरते. घरातला गीझर साधारण एवढ्याच शक्तीने बादलीभर पाणी तापवतो, इथे मात्र तापायला पाणी नसते.

आता चढ घेऊ. पाच मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, असा चढ गावाकडच्या घाटवाटेवर किंवा बांधावर सहज भेटतो. १५० किलो वर ओढायला साधारण २८८ न्यूटन बळ लागते. गवतात आणि मऊ मातीत चाक फिरवायला वजनाच्या सहा टक्के धरले तर आणखी ८८. एकूण ३७६ न्यूटन. आणि आपले इंजिन ६:१ मधून, कुठलीही गळती न धरता, चाकाच्या कडेला किती देते? १०.३ गुणिले ६, भागिले चाकाची त्रिज्या ०.१६५, म्हणजे ३७५ न्यूटन. बरोबर तेवढेच. वेग वाढवायला काही उरत नाही आणि चेनमधली थोडी गळती धरली की उणेच पडते. हे वाचून कुणी म्हणेल, इंजिन कमी पडतेच आहे की. पण ताकद म्हणजे नुसते बळ नव्हे, बळ आणि वेग यांचा गुणाकार. त्याच चढावर गाडी ताशी ८ किलोमीटरने न्यायची असेल, तर लागणारी शक्ती आहे ३७६ गुणिले सेकंदाला २.२ मीटर, म्हणजे ८३० वॅटच्या आसपास. इंजिनाकडे २२०० फेऱ्यांनाच त्याच्या अडीचपटीहून जास्त आहे. ताकद असूनही गाडी अडली, कारण मधल्या प्रमाणाने ती वेगाच्या रूपात मागितली आणि चढाला ती बळाच्या रूपात हवी होती.

यावर पहिला आक्षेप अगदी रास्त आहे: मग प्रमाणच बदलावे, ॲक्सलवर मोठे चक्र लावावे. लावता येते, पण हिशेब पाहा. टॉर्क कन्व्हर्टर जेवढे बळ देतो तेवढे एकाच ठरलेल्या प्रमाणातून मिळवायचे, तर पुढे दिसेल तसे ६ च्या जागी १६ लागेल. १६ ला गाडी चढ चढेल, पण इंजिन ३६०० वर नेऊनही सपाटीवर ताशी १४ किलोमीटरच्या पुढे जाणार नाही. सायकलवाला पुढे निघून जाईल आणि इंजिन मात्र सतत पूर्ण ओरडत राहील. शिवाय १० दातांच्या समोर १६० दातांचे चक्र कार्टच्या ॲक्सलवर मावतच नाही, ते जमिनीला घासते. त्यासाठी मधला शाफ्ट घालावाच लागतो. एवढा खटाटोप करायचाच, तर तो शाफ्ट नुसता मध्ये राहू नये, त्याने प्रमाणही बदलावे, असे म्हणणे साहजिक ठरते.

दुसरा आक्षेप मोठ्या इंजिनाचा. होंडाचेच जीएक्स ३९० घेतले तर २६.५ न्यूटन-मीटर टॉर्क मिळतो आणि ६:१ मधून चाकाशी ९६० न्यूटनच्या वर बळ येते. चढ चढतो यात शंका नाही. पण इंजिनाचे वजन दुपटीने वाढते, इंधन वाढते, शाफ्ट बदलतो. आणि मूळ दुखणे तसेच राहते: क्लच अजूनही ताशी २३ पर्यंत घसरतोच, फक्त आता तो अडीचपट टॉर्कखाली घसरतो. गाडी अडली तर ड्रममध्ये जाणारी उष्णताही अडीचपट. एवढे करूनही वरचा वेग वाढत नाही, कारण वेगाला मर्यादा घालणारा गव्हर्नर दोन्ही इंजिनांना ३६०० च्या आसपासच थांबवतो. म्हणजे प्रमाणाची उणीव इंजिनाच्या आकाराने झाकायची, आणि तीही अर्धीच.

आता संचाकडे वळू. मोठ्या मोटारींच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला टॉर्क कन्व्हर्टर तेलावर चालतो. हर्मान फोटिंगर या जर्मन अभियंत्याने १९०५ साली त्याचे पेटंट घेतले, आणि तेही जहाजांसाठी. कार्टवाल्यांच्या बोलीतला टॉर्क कन्व्हर्टर वेगळा, त्यात तेल नसते. दोन पुल्या आणि मध्ये एक रबरी पट्टा, म्हणजे ज्याला आपण सीव्हीटी, सलग बदलणाऱ्या प्रमाणाची यंत्रणा, म्हणतो तेच. मराठी वाचकाने हे यंत्र नावाने नसले तरी कामाने ओळखलेले आहे. पुण्याच्या फिरोदिया घराण्याच्या कायनेटिक कंपनीची होंडाशी भागीदारी १९८४ सालची. तिच्यातून आलेल्या कायनेटिक होंडाने भारतीय रस्त्यावर बिनगिअरची स्कूटर रुजवली, आणि आजच्या बहुतेक पेट्रोल स्कूटरच्या डाव्या बाजूच्या लांबट झाकणाखाली तोच पट्टा फिरत असतो. चारचाकीत हा प्रकार रुजवण्याचे श्रेय हॉलंडच्या डाफ कंपनीचे. हुब व्हान डोर्ने यांची व्हेरिओमॅटिक ही पट्ट्याची यंत्रणा असलेली डाफ ६०० ही छोटी मोटार १९५८ साली लोकांसमोर आली.

कार्टच्या संचातली पहिली पुली इंजिनाच्या शाफ्टवर बसते. तिची दोन अर्धुके असतात, एक जागच्या जागी आणि एक सरकणारे. आयडलवर ती दोन्ही इतकी दूर असतात की पट्टा मधल्या बुशवर नुसता टेकलेला राहतो, शाफ्ट आतून फिरतो आणि पट्टा हलत नाही. फेरे वाढले की आतली वजने बाहेर सरकतात, सरकणारे अर्धुक पट्ट्याकडे दाबले जाते आणि पट्टा पकडला जातो. वेगळ्या क्लचची गरज इथेच संपते. स्कूटरमध्ये तसे नसते. तिथे पट्टा आयडललाही फिरत असतो आणि क्लच मागची पुली आणि चाक यांच्यामध्ये बसवलेला असतो. फेरे आणखी वाढले की अर्धुके आणखी जवळ येतात, तिरक्या भिंतींवरून पट्टा बाहेरच्या कडेकडे चढतो आणि पुली जणू मोठी होते. पट्ट्याची लांबी ठरलेली असल्यामुळे दुसऱ्या पुलीत त्याला आत उतरावेच लागते, ती लहान होते. सर्वांत प्रचलित अशा ३० सीरिजच्या संचात हे प्रमाण साधारण २.७:१ पासून ०.९:१ पर्यंत सलग बदलते.

मला या यंत्रातला सर्वांत हुशार भाग दुसऱ्या पुलीत दिसतो आणि त्याच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. तिच्या सरकणाऱ्या अर्धुकाच्या मागे एक मळसूत्री उतरण असते. तिच्यावर प्लास्टिकची लहान बटणे टेकलेली असतात आणि मध्ये स्प्रिंग असते. चाकावर भार आला, म्हणजे गाडी चढाला लागली, की शाफ्ट मागे राहू पाहतो आणि पट्टा पुलीला पुढे ओढत असतो. या दोघांच्या पिळामुळे बटणे उतरणीवर चढतात आणि अर्धुके एकमेकांकडे दाबतात. त्यासरशी पट्टा या पुलीत बाहेर फेकला जातो आणि इंजिनाकडच्या पुलीत आत ओढला जातो. प्रमाण आपोआप खालचे होते. पुढची पुली इंजिनाचा वेग मोजते, मागची पुली चाकावरचा भार मोजते, आणि त्या दोघींच्या ओढाताणीत जे ठरते तेच त्या क्षणीचे योग्य प्रमाण. चालकाला काही ठरवावे लागत नाही, संगणक नाही, वायर नाही. चढ जसा वाढतो तसा पट्ट्याला मिळणारा दाबही वाढतो, त्यामुळे ज्या क्षणी घसरण्याची भीती जास्त, त्याच क्षणी पकडही जास्त.

आता मघाचा हिशेब पुन्हा मांडू. ॲक्सलचे ६:१ तसेच ठेवले, तर सुरुवातीचे एकूण प्रमाण १६.२. चाकाशी बळ १०११ न्यूटन. पट्टा आणि चेन मिळून वीस टक्के खातात असे सढळ हाताने धरले तरी ८०९ उरते. चढाला हवे होते ३७६. पट्टा पूर्ण पकडतो तेव्हा गाडीचा वेग ताशी साडेआठ, २३ नव्हे. आणि घसरण्यातली उष्णता वेगाच्या वर्गाप्रमाणे घटते, त्यामुळे ३००० जुलांच्या जागी ४१० च्या आसपास. दुसऱ्या टोकाला ०.९ मुळे एकूण प्रमाण ५.४ होते आणि ३६०० फेऱ्यांवर वेग ताशी ३७ चा ४१ ते ४२ होतो. इंजिन तेच, पेट्रोलही तेच. खालचे बळ दुपटीहून वाढले आणि वरचा वेगही थोडा वाढला.

यावर जाणकारांचा आक्षेप असतो की रबरी पट्टा चेनच्या मानाने शक्ती खातो. तो खरा आहे. चांगली ताणलेली चेन दोन-चार टक्के खाते, पट्टा दहा ते वीस. सपाट रस्त्यावर एकाच वेगाने तासभर चालणाऱ्या गाडीत चेन आणि साधा क्लच जिंकतो, हे मान्यच करायला हवे. पण आपण तुलना चेन आणि पट्टा यांच्यात करत नाही. तुलना आहे घसरणारा क्लच आणि पट्टा यांच्यात. वर पाहिलेच की जागेवरून उचलताना घसरणारा क्लच निम्मी ऊर्जा उष्णतेत घालवतो. वारंवार थांबणारी, चढणारी, मातीत फिरणारी गाडी आपला बहुतांश वेळ त्याच अवस्थेत असते. तिथे वीस टक्के गमावणारा पट्टा पन्नास टक्के गमावणाऱ्या क्लचपेक्षा काटकसरी ठरतो.

दुसरा आक्षेप शर्यतीचा. हे इतके चांगले असेल तर शर्यतीच्या कार्टवर का दिसत नाही? कारण तिथली गरजच वेगळी. ट्रॅकवरची कार्ट एकदा निघाली की वळणातसुद्धा बऱ्याच वेगात असते. तिचे इंजिन कामाच्या पट्ट्याबाहेर क्वचितच पडते, आणि ट्रॅकप्रमाणे चक्र बदलले की एकच प्रमाण पुरते. तिथे प्रत्येक ग्रॅम आणि प्रत्येक टक्का मोजला जातो, शिवाय बहुतेक वर्गांच्या नियमांत ड्राइव्ह ठरवून दिलेला असतो. पण शर्यतीतही जिथे वेगाचा आवाका मोठा आहे तिथे एक प्रमाण पुरत नाही, म्हणून केझेड वर्गातल्या १२५ सीसी कार्टना सहा गिअर असतात. आणि सलग बदलणारे प्रमाण मुळात संथ असते असेही नाही. फॉर्म्युला वनच्या विल्यम्स संघाने १९९३ साली पोलादी पट्ट्याची सीव्हीटी आपल्या गाडीत बसवून तपासली होती. पुढच्या वर्षीच्या नियमांनी ती शर्यतीत उतरण्याआधीच बंद केली. भारतात अभियांत्रिकीचे विद्यार्थी बाजा एसएईइंडिया स्पर्धेसाठी खडकाळ वाटेवरच्या गाड्या बांधतात, त्यांत मात्र पट्ट्याची सीव्हीटी भरपूर दिसते. चढ, चिखल आणि एकच लहान इंजिन, म्हणजे आपल्या हिशेबातलीच परिस्थिती.

बसवण्याच्या कामात पहिली पायरी शाफ्ट मोजण्याची. बाजारातले बहुतेक संच ३/४ इंचाच्या, म्हणजे १९.०५ मिलिमीटरच्या, सरळ आणि की-वे असलेल्या शाफ्टसाठी असतात. याच वर्गातली काही इंजिने २० मिलिमीटरच्या शाफ्टची येतात, आणि पंपासाठीच्या काही इंजिनांच्या शाफ्टवर आटे असतात. नजरेला १९ आणि २० मधला फरक कळत नाही, व्हर्नियरला कळतो. पुली बसत नाही म्हणून शाफ्ट घासायला घेणे हा शुद्ध आततायीपणा आहे, कारण घासलेला शाफ्ट मध्यापासून किंचित जरी ढळला तरी ३६०० फेऱ्यांवर तो थरथरतो आणि बेअरिंग खातो. इंजिनाची दिशाही आधीच पाहावी. जीएक्ससारखे इंजिन शाफ्टकडे तोंड करून पाहिल्यास घड्याळाच्या उलट फिरते, आणि पट्टा किंवा चेन दिशा बदलत नाहीत. म्हणून शाफ्ट गाडीच्या डाव्या अंगाला आला तरच गाडी पुढे जाते. उजवीकडे आला तर ती मागे धावेल.

संचासोबत एक जाड पत्रा येतो. तो इंजिनाच्या शाफ्टभोवतीच्या चार आट्यांवर बोल्टने बसतो आणि दुसऱ्या पुलीचा शाफ्ट त्याच पत्र्यातल्या बेअरिंगवर फिरतो. काही जण हा पत्रा टाळून मधला शाफ्ट चासीवर वेगळा वेल्ड करतात. मला तो मार्ग पटत नाही. पत्र्यामुळे दोन पुल्यांमधले अंतर कायमचे ठरते, आणि पट्ट्याची सगळी वागणूक त्या अंतरावर अवलंबून असते. चेन ढिली झाली की इंजिन मागे सरकवून ताणायची असते. पत्रा इंजिनालाच बसलेला असल्यामुळे दोन्ही पुल्या एकत्र सरकतात आणि पट्ट्याला धक्का लागत नाही. शाफ्ट चासीवर असेल तर चेन ताणताना दर वेळी पट्टा बिघडतो.

पट्टा बसवताना त्याच्या दोन कडा हाताने चाचपाव्यात. या संचातला पट्टा दोन्ही बाजूंनी सारखा नसतो. एक कड जवळपास सरळ उभी, दुसरी तिरकी. सरळ कड इंजिनाकडे. उलटा बसवला तरी तो फिरतो, गाडीही थोडी चालते, आणि म्हणूनच ही चूक लवकर ध्यानात येत नाही. मग पट्ट्याची काळी भुकटी झाकणात साठू लागते आणि नवा पट्टा थोडक्या दिवसांत जातो. दोन्ही पुल्या एका सुतात आहेत का हे सरळ पट्टी लावून पाहावे आणि फरक असेल तर शाफ्टवर योग्य जाडीचा स्पेसर घालावा. पुढच्या पुलीच्या ब्राँझ बुशला तेल किंवा ग्रीस लावण्याचा मोह टाळावा, तिथे कोरडे वंगणच चालते. फिरत्या पुलीतून उडालेला तेलाचा एक थेंबही पट्ट्याची पकड घालवायला पुरतो.

चेनबाबत आपल्या बाजारात एक फसगत ठरलेली. संचासोबतचे चक्र बहुधा ४०, ४१ किंवा ४२० नंबरच्या चेनचे असते आणि त्यांचा पिच अर्धा इंच. मोटारसायकलींना सर्रास लागणारी ४२८ चेनही अर्ध्या इंच पिचचीच, त्यामुळे ती चालेल असे वाटते. पण तिचे रोलर जाड असतात. ते दातांच्या खोबणीत नीट बसत नाहीत आणि दात अणकुचीदार होऊन झिजतात. ॲक्सलचे प्रमाणही ठेवायचे ते विचार करून. खाली २.७ मिळते आहे तर ॲक्सलला ४:१ ठेवून वेग वाढवू, असा विचार काही जण करतात. कागदावर तो वेग ताशी ६२ येतो. पण लहान इंजिन ते ओढू शकत नाही, पट्टा कायम मधल्या अवस्थेत तापत राहतो आणि चढाला पुन्हा रडगाणे सुरू होते. १३ इंची चाकाला सहाच्या आसपासचे प्रमाण ठीक.

आयडलचा स्क्रू हा शेवटचा, पण दुर्लक्ष केल्यास सगळ्यावर पाणी फिरवणारा भाग. पट्टा २२०० ला पकडणार असेल आणि गार इंजिन बंद पडते म्हणून कुणी आयडल २००० पर्यंत चढवून ठेवले, तर थांबलेल्या गाडीतही पुली पट्ट्याला चाटत राहते. पट्टा एकाच जागी जळतो, तिथे खड्डा पडतो आणि मग दर फेऱ्याला गाडी ठेचकाळते. आयडल १४०० वरच ठेवावे. याच ओघात गव्हर्नरचाही मुद्दा येतो. साधा क्लच असताना अनेक जण पिकअपसाठी गव्हर्नर काढून टाकतात आणि इंजिन पाच हजारांच्या वर नेतात. पंपासाठीच्या इंजिनातले ओतीव लोखंडाचे फ्लायव्हील आणि ॲल्युमिनियमचा कनेक्टिंग रॉड त्या वेगासाठी घडवलेले नसतात. फ्लायव्हील फुटले तर त्याचे तुकडे चालकाच्या पाठीमागूनच येतात. ज्या उणिवेपायी गव्हर्नर काढला जात होता, ती टॉर्क कन्व्हर्टरने भरून निघते, म्हणून संच बसवताना गव्हर्नर परत लावावा असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. पुल्यांवरचे झाकणही त्याच यादीतले. उघड्या फिरत्या पट्ट्यात ओढणी, मोकळे केस किंवा बोट जाण्यासाठी क्षणही लागत नाही. झाकण न बसवता गाडी एकदाही सुरू करू नये.

राहिला ब्रेक, आणि तो बहुतेक वेळा संचासोबत कुणी पाहतच नाही. वरचा वेग ताशी ३७ वरून ४१-४२ झाला म्हणजे थांबवायची ऊर्जा जवळपास पाव हिश्श्याने वाढली. त्याहून मोठा बदल उताराचा. पूर्वी ही गाडी ज्या चढावर चढूच शकत नव्हती, तिथून ती आता उतरणार आहे, आणि उतरताना इंजिनाची अडवणूक भरवशाची नसते. ॲक्सिलरेटर सोडला, फेरे पट्टा पकडण्याच्या मर्यादेखाली आले, की पुली उघडते आणि चाके इंजिनापासून सुटतात. मोटारसायकल पहिल्या गिअरमध्ये घाट उतरते तशी ही गाडी उतरत नाही. चढावर मधेच थांबली तर ती मागेही घरंगळते. म्हणून पट्टीचा जुना ब्रेक काढून डिस्क बसवावी, आणि ती मागच्या ॲक्सलवर. जागा सोयीची म्हणून मधल्या शाफ्टवर ब्रेक बसवलेल्या गाड्या दिसतात. तिथे कमी जोरात जास्त पकड मिळते हे खरे, पण तो ब्रेक चाकांपर्यंत चेनमधूनच पोचतो. उतारावर चेन तुटली किंवा उतरली, तर त्याच क्षणी इंजिनही जाते आणि ब्रेकही.